ताराताईचा डावा हात

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घही चुकत असणार. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर सही सोडून काही लिहायची फारशी वेळ आली नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते, कारण ताराताई म्हणायची की इंग्रजीत अक्षरालाही हँडच म्हणतात. तिचं स्वतःचं अक्षर पुढं पुढं माझ्याइतकंच वाकडं झालं होतं. ती जन्माची डावरी, आणि तिचा डावा हात गेला होता.

तोंडानं सांगायला गेले की माझा आवाज बसतो. आणि हे सांगितलं तर लोक म्हणतील मंगललाच काहीतरी झालंय. म्हणून लिहिते.

आम्ही दोघी तळवड्याच्या एका लहान कंपनीत होतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट तिथं बनतात. मी पॅकिंगला, ती प्रेसवर. राहायला दोघी कुरुळीत, खोल्यांच्या एकाच लाइनीत. ती शेवटच्या खोलीत एकटी असायची. लातूरकडची होती. बारावी होऊन कॉलेजचं एक वर्ष केलेलं. लग्न मोडलं होतं, पण त्याबद्दल कधी बोलली नाही. चहात तिला इतकी साखर लागायची की रेखा म्हणायची, "ताई, चहा पिताय का पाक?" कुणी खोटं बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडं बघायची नाही, हाताकडं बघायची. "तोंडाला सवय असते खोटं बोलायची," म्हणायची. "हाताला नसते."

डावरं असण्याची तिला लाज नव्हती. जेवायची डाव्या हातानं, घरातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढं फूल ठेवायची तेही डाव्याच हातानं. माझी मुलगी पूजा सहावीत जाताना फीला सहा हजार कमी पडत होते. मी कुणाकडं मागितले नसते. कंपनीच्या टेम्पोत मी पदराचं टोक पिळत बसले होते, त्यावरून तिनं ओळखलं. संध्याकाळी दारात आली आणि पैसे पुढं केले. शेजारची रेखा ओट्यावर लसूण सोलत बसली होती. रेखाला गप्प बसता येत नाही.

"ताई, डाव्या हातानं देताय? गेले म्हणून समजा."

"पैशाला काय कळतंय गं, कुठला हात ते?"

"पैशाला नाही कळत. घेणारीला कळतं. बघा, मंगल हात पुढं करेना."

खरंच मी हात पुढं केला नव्हता. आमच्यात पैसे डाव्या हातानं देत नाहीत आणि घेतही नाहीत. ताराताई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "घे. परत करशील तेव्हा ह्याच हातात दे, म्हणजे झालं." मी घेतले. तिचा तळवा गरम होता. पत्र्याच्या धारेनं बोटांवर बारीक रेघा पडलेल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो हात गेला.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा जड भाग पत्र्यावर खाली येतो. म्हणजे हात बटणांवर राहतात, आत जात नाहीत. पण तसं काम केलं तर दिवसाचा आकडा होत नाही. म्हणून सगळे जण एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं दाबून बांधून टाकायचे. एका हातानं पत्रा आत सरकवायचा, दुसऱ्या हातानं उरलेलं बटण दाबायचं. कुणी तपासायला येणार असलं की ट्यूब सोडायची, ते गेले की परत बांधायची. बाकीचे उजव्या हातानं पत्रा सरकवायचे, ताराताई डाव्या. त्या दिवशी तिनं बटण एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा खाली आला.

मी पॅकिंगमधून धावत गेले तेव्हा ती उभीच होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "मंगल, आधी ट्यूब सोड. साहेब येतील." तेवढंच बोलली आणि खाली बसली.

दवाखान्यातून ती महिन्याभरानं आली. मनगटाच्या थोडं वरपासून हात नव्हता. ब्लाउजची डावी बाही तिनं हात तुटला तिथपर्यंत लांब शिवून घेतली आणि पुढं पदर सोडायची. पैसे परत द्यायला मी दिवाळीपर्यंत थांबले. दिवाळीला घेऊन गेले तर तिनं उजवा हात पाठीमागं नेला.

"ज्यानं दिले त्याला दे."

मला वाटलं थट्टा करते. पण ती हसत नव्हती. "हात सापडला की दे," म्हणाली.

तेव्हा मला कळलं की हात कुठं गेला ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात म्हणाले, पेशंटबरोबर हात आला नव्हता. कंपनीत म्हणाले, दवाखान्यात पाठवला होता. "जाळला असेल तर जाळला म्हणावं," ती म्हणायची. "फेकला असेल तर फेकला म्हणावं. मला एवढंच कळू दे की तो कुठं आहे. कारण तो अजून माझ्याशी बोलतो."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर असलं मानत नाही."

"मी नाही मानत. हाताला कोण सांगणार?"

पावसाळ्यात ती गरम पाण्याची बाटली डाव्या बाहीला धरून बसायची आणि थोड्या वेळानं बाजूला ठेवून द्यायची. "उपयोग नाही. गारठा इथं नाही, तिथं आहे." कधी म्हणायची बोटांच्या मधून काहीतरी बारीक वाढतंय, दुखत नाही, गुदगुल्या होतात. आणि रोज सकाळी, आमचा टेम्पो कंपनीत पोचायच्या सुमारास, हात ओला व्हायचा. "कुणीतरी पाणी घालतंय गं मंगल. रोज. सुट्टीच्या गुरुवारी पण." असं सांगताना ती घाबरलेली नसायची. दूरच्या गावी दिलेल्या मुलीची खबर सांगावी तसं सांगायची.

मी या गोष्टी ऐकून घरी यायची आणि दाराला कडी लावायची.

लाइनीत एक मांजर होतं, राखी रंगाचं, कुणाचंच नाही. अपघाताआधी ताराताई जेवली की डाव्या हातानं त्याची मान खाजवायची. एके दुपारी मी तिला भाजी द्यायला गेले. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, डावी बाही मांडीवर. मांजर तिच्यासमोर होतं. त्यानं पाठ उंच केली आणि मान वर करून रिकाम्या जागेला घासायला लागलं, बाहीच्या टोकापासून वीतभर पुढं, जिथं तळवा असता तिथं. डोळे मिटून, गुरगुरत. कानामागची लव मागंपुढं दबत होती. मी भाजीची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता परत आले. ती वाटी मी अजून आणलेली नाही.

शिकवणी रेखामुळं सुरू झाली. रेखाला चेकिंगला जायचं होतं. तिथं बसून काम असतं, पण कागद इंग्रजीत असतात. गुरुवारी आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी ताराताईच्या खोलीत बसायचो. त्या दिवसापासून ती मॅडम झाली. आम्हाला वाटलं ए बी सी डी पासून सुरुवात करेल. तिनं उजव्या हातात खडू धरून लहान पोर गिरवतं तसा एकच शब्द फरशीवर लिहिला आणि म्हणाली, "हँड. सांगा."

"हात," रेखा म्हणाली.

"अजून?"

"अजून काय? आपल्याला हाताशीच काम."

"एक शब्द म्हणजे एक अर्थ असं नसतं गं. एका शब्दात पुष्कळ अर्थ राहतात, आपल्या लाइनीत माणसं राहतात तशी. कुठल्या दारावर थाप मारली, त्यावर कोण बाहेर येतं ते ठरतं." आणि ती उजव्या हाताची बोटं मिटत मोजायला लागली. माणसाचा हात, तो एक. घड्याळाचा काटा, तोही हँड. लहान हँड, मोठा हँड.

"म्हणजे घड्याळाला दोन, आणि मॅडमला एक," रेखा बोलून गेली.

ताराताई हसली. "म्हणून ते नोकरीवर आहे आणि मी घरी."

मग मदत. कुणाला जरा हात लाव म्हणायचं असलं तरी हँडच. पाण्याचा ड्रम सरकवायचा असला की ती मला हाक मारायची, "मंगल, गिव्ह मी अ हँड." माझ्या अंगावर काटा यायचा. तिला ते माहीत होतं, म्हणूनच म्हणायची. मग पत्त्यांत वाट्याला येणारी पानं. मग अक्षर. इथं तिच्या उजव्या हाताची पाच बोटं मिटून झाली. ती थांबली, डावी बाही वर उचलली आणि तशीच पुढं मोजायला लागली.

"मॅडम, पुढची बोटं आम्हाला दिसत नाहीत," रेखा हळूच म्हणाली.

"मला दिसतात. तू अर्थाकडं बघ." बाहीच्या टोकापुढं, हवेत, तिनं एक बोट मिटलं. मी शपथेवर सांगते, काही दिसलं नाही, पण मिटलेलं कळलं. "जुन्या काळी इंग्रज कारखानदार कामगाराला हँड म्हणायचे. आज पन्नास हँड आले, उद्या साठ हँड पाहिजेत."

"आणि बाकीचं माणूस?"

"बाकीचं माणूस गेटच्या बाहेर."

"आणि तुमचं उलटं झालं," रेखा म्हणाली. "बाकीचं माणूस बाहेर आलं, हँड आत राहिला." बोलल्यावर तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

ताराताई तिच्याकडं बघत राहिली. "आत," ती म्हणाली. "आत राहिला. हे मला सुचलं नव्हतं गं."

या शब्दावर आम्ही कितीतरी गुरुवार काढले. आठवडाभर शब्द बरोबर घेऊन फिरायचं, आणि जिथं भेटेल तिथला अर्थ गुरुवारी आणून सांगायचा. कुणी सेकंड हँड कपाट आणलं, कुणी हँडब्रेक, कुणी मेडिकलमधलं हँडवॉश. मला सगळ्यांसमोर बोलता यायचं नाही, म्हणून मी सगळ्या गेल्यावर सांगायची. मी हँड लोन आणलं होतं. पॅकिंगमधल्या बाया हातउसन्या पैशाला तसं म्हणतात. ती म्हणाली, "शाबास. हे तुझ्या घरचंच आहे." आणि बाहीकडं बघितलं.

शेवटच्या त्या गुरुवारी ती रेखाला कागद वाचायला शिकवत होती. मधेच थांबली. डावा दंड एकदम पुढं ताणला गेला, जसं लहान पोरानं आईला बाजारात ओढावं. खडू पडला.

"ताई, काय झालं?"

"ओढलालेत. कुणीतरी ओढलालंय." घाम फुटला होता तिला. आम्ही पाणी दिलं. थोड्या वेळानं ती शांत झाली, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "उजेड आला." त्या दिवशी शिकवणी तिथंच संपली. रेखा बाहेर आल्यावर एक शब्द बोलली नाही. रेखा गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर ताराताई टेम्पोच्या फाट्यापर्यंत चालत आली. "मंगल, आज हात कोरडा आहे," म्हणाली. "पोचल्यावर बघ, काय बदललंय तिथं. रेखा म्हणाली ना, आत राहिला."

पोचल्यावर बघायची गरज पडली नाही. गेटमधून आत गेलं की मागच्या भिंतीशी एक कडुनिंब दिसायचं, माझ्याहून थोडं उंच. ते नव्हतं. नवीन शेडसाठी सुट्टीच्या दिवशी जेसीबी लावला होता आणि तिथं मातीचे ढीग होते. आमचे वॉचमन धोंडीमामा त्या झाडाला रोज सकाळी डब्यानं पाणी घालायचे. आम्ही सगळ्यांनी ते रोज बघितलं होतं. डबा आज केबिनच्या खिळ्याला लटकत होता.

मी कधी स्वतःहून कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी मामांपुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, झाडाखाली काय होतं?"

"काय न्हाई. माती हाय."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. गुडघ्यावर ठेवले होते, पण राहत नव्हते.

"मामा, ताराताईला रोज पाणी लागायचं."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग खाली बघून सांगितलं. "पिशवीत घालून मला दिला आन् म्हनले, टाकून ये. पोरीचा हात त्यो. कुत्री फिरत्यात, कुठं टाकू? पुरला. वर झाड लावलं, म्हंजी कुनी उकरू नये. आता जेसीबीनं ढिगात गेला असंल. आमी काय करनार? माझं नाव घेऊ नगंस, पोलीस येत्यात."

जेवणाच्या सुट्टीत मी ताराताईला फोन केला. ती रिक्षानं आली. अपघातानंतर ती त्या गेटात पहिल्यांदाच पाय ठेवत होती. मामा स्टुलावरून उठले आणि तसेच उभे राहिले. ती त्यांच्यासमोरून पुढं गेली. प्रेसच्या शेडकडं तिनं बघितलं नाही, पण आत प्रेस पडत होते आणि प्रत्येक दणक्याला तिची बाही हलत होती. मातीच्या ढिगापाशी मी म्हटलं, "इथं शोधू या."

ती ढिगाभोवती एक फेरी चालली. मान हलवली. "इथं होता. इथं नाही." मग डोळे मिटून वळली. डावा दंड थोडा पुढं धरला होता, आंधळ्या माणसाला कुणी हात धरून नेतं तसा. मी मागं चालले. पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती मामांच्या केबिनच्या दारात थांबली.

"मामा, खाटेखाली काय आहे?"

मामा खालीच बसले. तोंडावर टॉवेल धरला. "जेसीबी यायच्या आधी काढला गं पोरी. झाड भवतीनं खणून हातानं ओढून काढलं. ढिगात कसा जाऊ दिऊ? रातभर खाटंखाली ठिवला आन् डोळ्याला डोळा न्हाई. कुनालाबी म्हाईत न्हाई हे. तुला कुनी सांगितलं?"

ताराताईनं मला खूण केली. खाटेखालून मी तुपाचा एक जुना डबा ओढून काढला. आत धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात लहान लहान हाडं होती आणि त्यांच्यामधून कडुनिंबाची बारीक मुळं गेलेली होती, जिथून तिथून, बोटांत बोटं गुंतवावीत तशी.

ती मामांवर चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं त्यांच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. "पाणी कळायचं मला," म्हणाली. "रोजचं."

तिनं नंतर कंपनीत कुणाला काही विचारलं नाही. भावाला फोन केला आणि सांगितलं की मी गावाकडं येते, हात घेऊन येते. जायच्या दिवशी दुपारी तिनं मला गच्चीवर बोलावलं. तिनं फडकं उन्हात पसरलं होतं आणि हाडं नीट मांडली होती, मनगट आपल्याकडं, बोटं पुढं. मुळं तशीच ठेवली होती.

"ऊन खाऊ दे त्याला जरा. चार वर्षं गारठलाय."

"ताई, तुम्हाला काय होतंय आता?"

"ऊब लागलीय. पहिल्यांदा."

मांजर जिन्यानं वर आलं. ताराताईनं सवयीनं डावी बाही पुढं केली. मांजर तिच्या बाहीखालून निघून गेलं, रिकामी जागा असावी तसं. फडक्यापाशी जाऊन बसलं, पाय पोटाखाली घेतले आणि डोळे मिटले. ताराताई बाहीकडं बघत राहिली, मग मांजराकडं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा बघितलं, दवाखान्यातसुद्धा आलं नव्हतं.

"आणलेस?" तिनं विचारलं.

मी ते सहा हजार आणले होते. ती दिवाळी झाल्यापासून तांदळाच्या डब्यात ते वेगळे ठेवलेले होते, आणि कितीही अडलं तरी मी त्यांना हात लावला नव्हता.

"मग दे."

मी फडक्यापुढं बसले. तिनं दिले होते तसे, डाव्या हातानं, नोटा त्या बोटांवर ठेवल्या.

"सगळे आहेत?"

"सगळे."

गच्चीवर वारा होता. दोरीवरचे कपडे फडफडत होते, रेखाची एक ओढणी उडून टाकीला अडकली होती. नोटांवर मी काही ठेवलं नव्हतं. त्या हलल्या नाहीत. मांजरानं डोळे उघडले आणि नोटांकडं बघितलं.

ताराताईनं उजवा हात पुढं केला आणि नोटा उचलायला गेली. त्या निघाल्या नाहीत. तिनं ओढल्या नाहीत, नुसती धरून राहिली. मग अगदी हळू, माझ्याशी नव्हे, बोलली, "मिळाले. सोड आता."

नोटा सुटल्या. तिनं त्या मोजल्या नाहीत, पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "मंगल, फिटले बघ तुझे सगळे."